आधी पाण्याला वाट, मग रोप : ठाणे खाडीकाठची उजाड खारफुटी पूर्ववत करण्याची पद्धत

मुंबई बंदरापासून उत्तरेकडे सुमारे २६ किलोमीटर आत शिरलेली ठाणे खाडी दोन्ही बाजूंनी शहराने वेढलेली आहे. पश्चिमेला ट्रॉम्बे, मानखुर्द, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड, तर पूर्वेला वाशी, कोपरखैरणे, घणसोली आणि ऐरोली. या दोन काठांच्या मधल्या पाण्याला, चिखलाला आणि खारफुटीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे. पुढे २०२२ मध्ये ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तरीही भरावाच्या रस्त्यामागे, जलवाहिनीच्या बांधापलीकडे किंवा राडारोड्याच्या ढिगाशेजारी वाळून उभे असलेले तिवरांचे, म्हणजे इथल्या खारफुटीतील मुख्य झाडांचे, तुकडे आजही दिसतात. असा एखादा तुकडा पुन्हा जिवंत करू इच्छिणाऱ्या मच्छीमार संस्था, ग्रामस्थ, महाविद्यालयीन गट आणि रहिवासी संघ यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

यातील बहुतेक मजकूर पाण्याविषयी आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. रोपे लावण्याचा भाग बराच नंतर येतो आणि तोही थोडक्यात, कारण ज्या जागी भरतीचे पाणी योग्य वेळी येते व योग्य वेळी निघून जाते, तिथे खारफुटी बहुधा स्वतःच रुजते; आणि जिथे ते तसे येत-जात नाही, तिथे लावलेले रोप टिकत नाही.

जमीन कोणाची, परवानगी कोणाची

खाडीकाठची जमीन एकाच मालकाची क्वचित असते. सातबारा उतारा किंवा शहरी भागात मालमत्ता पत्रक काढले की कळते, की तुकड्याचा एक कोपरा वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, दुसरा सिडकोकडे किंवा महापालिकेकडे आणि तिसरा मिठागराच्या जमिनीत आहे. मिठागरांच्या बऱ्याच जमिनी केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तालयाच्या ताब्यात आहेत. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला असून प्रथम त्याच कार्यालयात जाणे श्रेयस्कर आहे.

हेतू चांगला असला तरी परवानगीशिवाय एक फावडेही मारू नये. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मधील निकालाने राज्यभर खारफुटीची तोड करण्यास आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करण्यास वा राडारोडा टाकण्यास बंदी घातली. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार खारफुटीची जागा सर्वाधिक संरक्षित अशा ‘एक-अ’ वर्गात मोडते, आणि जागा अभयारण्यात असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियमही लागू होतो. अर्जासोबत नकाशा, चारही दिशांची छायाचित्रे, पाण्यासाठी उकरायच्या पाटांची (चरांची) रेषा आणि निघालेली माती कोठे नेणार याचा तपशील द्यावा. शेवटच्या मुद्द्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि अर्ज तिथेच अडतो.

ती जागा पूर्वी काय होती

उजाड दिसणारी प्रत्येक जागा उजाड झालेली नसते. ओहोटीला उघडा पडणारा विस्तीर्ण चिखल शहरातून आलेल्या माणसाला रिकामा वाटतो, पण खाडीचे जेवणाचे ताट तेच आहे. १९९० च्या दशकापासून मोठ्या संख्येने येऊ लागलेले रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, याच चिखलावर चरतात. त्यांतील लहान रोहित चोच उलटी करून पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. त्यांच्याबरोबर तुतवार आणि टिवळे असे हजारो मैल उडून आलेले चिखलपक्षीही असतात. अशा चिखलावर खारफुटी लावणे म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा उभा करणे होय. ठाणे खाडीत गाळ साचून खारफुटी स्वतःहूनच चिखलाच्या दिशेने सरकली आहे, त्यामुळे इथे ही काळजी अधिकच घ्यावी लागते. जुन्या मिठागरांतील उथळ पाण्याच्या कोंड्यांनाही हेच लागू आहे.

आमच्या गटाने पहिल्याच वर्षी ही चूक केली. उभ्या तिवरांच्या पुढे, खाडीच्या बाजूला, मऊ चिखलाचा पट्टा मोकळा दिसला म्हणून आम्ही तिथे कांदळाच्या (खारफुटीच्याच दुसऱ्या एका झाडाच्या) शेंगा ओळीने खोचल्या. होडीतून जाणाऱ्या एका वृद्ध कोळीबाबांनी होडी थांबवून एवढेच विचारले, “इथं झाड यायचं असतं तर ते कधीच आलं नसतं का?” आम्हाला ते तेव्हा कळले नाही. पावसाळा संपेपर्यंत त्या ओळींतले जवळपास काहीच उरले नव्हते. पाणी तिथे फार खोल आणि फार वेळ उभे राहत होते.

जागेचा इतिहास तीन ठिकाणी सापडतो. पहिले, गूगल अर्थवरील जुनी उपग्रह चित्रे. ती वर्षावर्षाने मागे नेऊन पाहता येतात आणि झाडे नेमकी कोणत्या भरावानंतर वाळू लागली हे त्यांत अनेकदा स्पष्ट दिसते. दुसरे, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे, ज्यांत खाडीचे फाटे आणि बांध दाखवलेले असतात. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे कोळी आणि आगरी वस्त्यांतील जुनी माणसे. बोईट मासे कुठल्या फाट्यातून आत यायचे, चिंबोऱ्या कुठे मिळायच्या, उघाडी (पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार) कोणत्या बांधाला होती आणि ती कधी बुजली, हे त्यांना पाठ असते. खारीगाव, खारघर यांसारखी गावांची नावेही पुष्कळ सांगून जातात. तीन-चार घरी बसून, कागदावर त्यांच्याकडूनच फाट्यांच्या रेषा काढून घ्याव्यात. पुढे ज्या पाटांना वाट मोकळी करून द्यायची, ते बहुधा याच रेषांवर असतात.

झाडे मेली कशामुळे

इथे घाई करू नये. एक उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि एक भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) असे दोन्ही प्रत्यक्ष जागेवर उभे राहून पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही. भरतीच्या वेळेचा अंदाज काढण्यासाठी किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा वापरता येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती असते. खाडीच्या आतल्या टोकाला ती काहीशी उशिरा पोहोचते, हे ध्यानात ठेवावे. अचूक वेळ आणि उंची मुंबईतील अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी.

कारणे ढोबळमानाने तीन प्रकारची आढळतात. पहिल्या प्रकारात पाणी आत येतच नाही: भरावाने फाट्याचे तोंड बुजलेले असते किंवा रस्त्याखालची मोरी गाळाने भरलेली असते. अशा जागी जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा दिसतो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. अडलेल्या जागी तेच पाणी आटून जमिनीतील मीठ याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक होते, आणि मग तिवरासारखे चिवट झाडही खुरटते.

दुसऱ्या प्रकारात पाणी येते पण परत जात नाही. उधाणाचे पाणी बांधावरून आत पडते आणि डबक्यासारखे साचून राहते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि ओहोटीला ती हवेत उघडी पडून श्वास घेतात. ती सतत पाण्याखाली राहिली, तर उभे झाड काही महिन्यांतच गुदमरते. इथला चिखल काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो.

तिसऱ्या प्रकारात खारे पाणी कमी होऊन सांडपाणी वाढलेले असते. गोड्या सांडपाण्याने खारेपणा घटला की पाणकणीस आणि वेली पसरतात. तिथे पाणकणीस कापत बसण्यात श्रम वाया जातात, कारण खाऱ्या पाण्याची वाट मोकळी झाली की ते आपोआप मागे हटते. नाल्याचा प्रश्न मात्र महापालिकेकडेच न्यावा लागतो. तो स्वयंसेवकांच्या आवाक्यातला नाही.

उंची मोजणे

या कामातील खरे शास्त्र उंचीमध्ये आहे. अपोलो बंदराच्या शून्य पातळीवरून मोजले, तर तिथली सरासरी समुद्रपातळी सुमारे अडीच मीटर येते, भांगाची भरती सुमारे ३.३ मीटरपर्यंत आणि उधाणाची सरासरी भरती सुमारे ४.४ मीटरपर्यंत चढते. पावसाळ्यातील मोठी उधाणे याहूनही वर जातात. खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळीपासून उधाणाच्या सर्वोच्च रेषेपर्यंतच्या पट्ट्यातच जगते. जगभरच्या अनुभवावरून असे दिसते, की जिथे एकूण वेळेच्या सुमारे तीस टक्के किंवा त्याहून कमी काळ पाणी राहते, तिथे ती चांगली वाढते. अर्ध्या मीटरचा फरक म्हणजे रोप जगणे आणि मरणे यांतला फरक असतो.

खाडीच्या आतल्या भागात अपोलो बंदराचे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून शेजारच्या निरोगी खारफुटीलाच मोजपट्टी मानावे. तिथल्या तिवरांच्या बुंध्याजवळची जमीन आणि आपल्या उजाड तुकड्याची जमीन यांच्या उंचीतील फरक गवंडी वापरतात त्या पारदर्शक पाण्याच्या नळीने काढता येतो. सर्वेक्षणाचे लेव्हल यंत्र आणि ते वापरणारा माणूस मिळाला तर उत्तमच. दर दहा मीटरवर बांबूची खुंटी ठोकून तिच्यावर क्रमांक घालावा आणि वहीत उंची लिहावी.

याला जोड म्हणून आणखी एक सोपी चाचणी आहे. खुंट्यांना पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचा पट्टा द्यावा, कोरड्या ऋतूतील एका उधाणानंतर तो कुठपर्यंत धुतला गेला हे मोजावे आणि निरोगी भागातील खुंट्यांशी ताडून पाहावे. निरोगी भागात गुडघाभर पाणी चढले आणि आपल्या तुकड्यात खुंटी कोरडी राहिली, तर वाट बंद आहे हे सिद्ध झाले. दोन्हीकडे सारखे पाणी चढले पण आपल्याकडे ते ओहोटीनंतरही उभे राहिले, तर निचरा बंद आहे. मोजणीसाठी दोन पंधरवडे लागले तरी चालतील. हा वेळ वाचवणारे गट पुढे वर्षे गमावतात.

पाण्याला वाट करून देणे

काम पावसाळा ओसरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान, आणि शक्यतो भांगाच्या दिवसांत करावे, कारण त्या दिवसांत पाणी वरच्या पट्ट्यापर्यंत पोहोचत नाही आणि चार-पाच दिवस सलग उकरता येते. उभ्या खारफुटीत पोकलेन नेऊ नये. त्याच्या वजनाने चिखल दबतो, श्वसनमुळे चिरडतात आणि चाकोऱ्यांमध्ये नवी डबकी तयार होतात. फावडी, घमेली आणि चिखलात वावरण्याची सवय असलेली स्थानिक माणसे हवीत. त्यांना पूर्ण मजुरी द्यावी.

सुरुवात नेहमी तोंडापासून करावी. फाट्याच्या मुखाशी पडलेला राडारोडा काढणे, बुजलेली मोरी साफ करून घेणे किंवा संबंधित यंत्रणेकडून ती रुंद करून घेणे, एवढ्यानेच अनेक जागा सुधारतात. तरीही पाणी आतपर्यंत पोहोचत नसेल, तर पाट काढावेत. तमिळनाडूत पिचावरम येथे एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाने बशीसारख्या खोलगट झालेल्या जमिनीत माशाच्या काट्यासारखी रचना वापरली: मधोमध एक मुख्य पाट आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके मिळणारे उपपाट. आपल्याकडेही ती उपयोगी पडते. जुन्या फाट्याची रेषा सापडली असेल तर मात्र तिलाच मान द्यावा, मग ती कितीही वाकडी असो. खाडीचे पाणी स्वतः कोरलेल्या वाटेने सरळ चरापेक्षा अधिक काळ वाहते.

पाटाचा तळ खाडीच्या दिशेने सतत उतरता असावा, आणि ओहोटीला तो पूर्ण रिकामा होतो की नाही हे पहिल्याच दिवशी तपासावे. काठ उभे ठेवले तर ते ढासळतात, म्हणून त्यांना तिरका उतार द्यावा. उकरलेल्या मातीची गोष्ट पुन्हा सांगतो: ती पाटाच्या काठावर ओळीने टाकली, तर तीच नवा बांध होते आणि पाटाबाहेरच्या जमिनीवर पाणी पसरत नाही. ती घमेल्यांनी लांब नेऊन पातळ पसरवावी किंवा परवानगीत ठरलेल्या जागी न्यावी.

वाट उघडण्यापूर्वी पलीकडे कोण राहते, हे पाहणे बंधनकारक समजावे. बांधामागे भातखाचर, मत्स्यतळे किंवा झोपडी असेल, तर आत शिरणारे उधाण त्यांच्या दारात जाईल. अशा ठिकाणी बांध पूर्ण फोडण्याऐवजी उघाडी दुरुस्त करणे आणि ती कोणत्या तिथीला उघडायची हे शेतकऱ्यांसह ठरवणे हाच न्याय्य मार्ग आहे.

कचरा

प्लास्टिक श्वसनमुळांवर चिकटून बसते आणि कोवळी रोपे त्याच्या वजनाखाली आडवी होतात, त्यामुळे सफाई आवश्यकच आहे. पण शंभर माणसे एकदम चिखलात उतरवली तर जेवढा कचरा निघतो, त्याहून जास्त मुळे मोडतात. दहा-बारा जणांच्या तुकड्या, पायाखाली फळ्या आणि ठरलेली एकच पायवाट एवढे पथ्य पाळावे. चिखलात खोल रुतलेले प्लास्टिक ओढून काढताना मुळे उपटली जात असतील, तर ते तसेच राहू द्यावे. काढलेला कचरा त्याच दिवशी उधाणाच्या रेषेपलीकडे न नेल्यास पुढची भरती तो परत पसरवते. नाल्याच्या मुखाशी जाळी लावून ती नियमित रिकामी केली जाईल अशी व्यवस्था झाल्याशिवाय सफाईचा परिणाम टिकत नाही.

एक पावसाळा थांबणे

पाट मोकळे झाल्यावर लगेच रोपे लावण्याचा मोह आवरावा. तिवराची बीजे पावसाळ्यात पिकून गळतात, पाण्यावर तरंगत भरतीबरोबर आत येतात आणि योग्य उंची मिळाली की काही दिवसांत मुळे धरतात. ऑक्टोबरमध्ये जागेवर एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी टाकून रोपटी मोजावीत. बहुतेक चौकटींत रोपटी सापडली, तर लावणीची गरज नाही. निधी देणाऱ्यांना समारंभ हवा असला, तरी त्यांना नम्रपणे मोजणीची वही दाखवावी. बीजे येतात पण रुजत नाहीत, असे दिसले तर उंची किंवा निचरा अजून चुकलेला आहे, आणि पुन्हा मोजणीकडे जावे. बीजे पोहोचतच नाहीत, कारण आसपास मातृवृक्षच उरलेले नाहीत, तरच पुढची पायरी घ्यावी.

लावणी, गरज असल्यास

शेजारी जे आहे तेच लावावे. ठाणे खाडीच्या आतल्या भागात तिवराचे प्राबल्य आहे आणि ते जास्त मीठ सोसते. पाण्याच्या कडेला चिपी वाढते; पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. फाट्याच्या काठावर काजळा आणि मारांडी आढळतात. कांदळाला रोज धुतला जाणारा मऊ चिखल लागतो. त्याची लांब शेंग हातात धरून खोचायला सोपी असते, एवढ्याच कारणाने ती सर्वत्र लावली जाते, आणि लावण्या फसण्याचे ते एक मोठे कारण आहे. जिथे कांदळ योग्य असेल तिथे पक्व शेंग घ्यावी. पक्व शेंगेच्या टोपीखाली पिवळसर कडे दिसते. तिचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग चिखलात खोचू नये.

तिवराची बीजे झाडाखालून, पाण्यावरून किंवा हलक्या हाताने झाडावरून घ्यावीत, एक दिवस पाण्यात ठेवून साल सुटू द्यावी आणि खाडीच्याच चिखलाने भरलेल्या पिशव्यांत रुजवावीत. रोपवाटिका भरतीचे पाणी पोहोचेल अशा उंचीवर असली की पाणी घालण्याचे काम खाडीच करते. लावताना रोपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे, पिशवी फाडून सोबत परत आणावी आणि पाटांच्या तळात एकही रोप लावू नये.

पुढची पाच वर्षे

पहिल्या वर्षी आठवड्याला एक फेरी पुरेशी असते. रोपांवर गुंडाळलेले प्लास्टिक आणि शेवाळ हाताने काढावे. म्हशी आणि शेळ्या तिवराचा पाला आवडीने खातात, म्हणून गुराख्यांशी बोलून त्यांचा रस्ता वेगळा ठरवावा. कुंपणापेक्षा हा समझोता जास्त टिकतो. पावसाळ्याच्या शेवटी कधी कधी तिवरांची सगळी पाने एका पतंगाच्या अळ्या खाऊन टाकतात आणि जंगल करपल्यासारखे दिसते. घाबरून फवारणी करू नये. ही अळी सागावरही येते, झाडांना काही आठवड्यांत नवी पालवी फुटते, आणि फवारलेले विष मात्र सरळ कोळंबीच्या पिलांपर्यंत जाते.

दर सहा महिन्यांनी त्याच खुंटीवरून, त्याच दिशेने छायाचित्र घ्यावे. चौकटींतील रोपटी, खेकड्यांची बिळे, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे लहान मासे) आणि ओहोटीला उतरणारे पक्षी मोजावेत, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर पाटांची खोली तपासावी, कारण गाळ पहिल्या दोन वर्षांत सर्वांत वेगाने भरतो. ही मोजणी गावातल्या तरुणांनी मानधन घेऊन करावी. राज्याच्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत खेकडापालन, कालवेपालन आणि निसर्ग पर्यटन यांसाठी ग्रामस्थांच्या गटांना साहाय्य मिळते; आपली जागा पात्र ठरते का, याची चौकशी कांदळवन कक्षाकडे पहिल्या अर्जाबरोबरच करावी.

आमच्या तुकड्यात पाट उघडल्यानंतर रोपटी दिसायला एक पूर्ण पावसाळा गेला, पण निवट्या त्याच्या बऱ्याच आधी आल्या. ओहोटीला नव्या पाटाच्या ओल्या काठावर त्या उड्या मारताना दिसल्या, तेव्हा वहीतील त्या तारखेपुढे आम्ही लिहिले: पाणी आत येऊन परत जाते आहे, सध्या काही लावू नये.